लिमितादा ते प्रायव्हेट लिमिटेड : बार्देशातल्या एका पेढीची सभासद-वही

मंडळाकडे आलेल्या जुन्या कागदांत म्हापशाजवळच्या एका व्यापारी घराण्याचं बोचकं आहे. सुपारी, नारळ आणि कापड हा त्यांचा धंदा. घराण्याचं नाव छापायचं नाही या अटीवर त्यांनी ते दिलं, म्हणून या निबंधात मी भावांना थोरले, मधले आणि धाकटे एवढंच म्हणणार आहे. बोचक्यात पोर्तुगीज अमदानीतल्या नोटरीच्या दस्तांच्या नकला आहेत, पुढच्या काळातली इंग्रजी मिनिटबुकं आहेत आणि एक जाड, कापडी पुठ्ठ्याची सभासद-वही आहे. माझी सगळी नोकरी हिशेबतपासनिसाच्या कचेरीत गेली, त्यामुळे मिनिटबुक मला वाचता येतं. पोर्तुगीज कागद मंडळातल्या एका ज्येष्ठ सभासदांकडून वाचून घेतले.

गोव्याच्या व्यापाराचा इतिहास लिहिताना आपण खाणी, बोटी आणि वखारी यांच्याबद्दल लिहितो. पेढीत माणूस आत कसा आला आणि बाहेर कसा गेला याकडे सहसा कोणी बघत नाही. मला तर वाटतं, घराण्याचा खरा इतिहास तिथेच असतो. कोण मेलं, कोणाला काढलं, कोणाचं नाव लागलं, आणि कोणाचं लागायला हवं होतं पण लागलं नाही, हे सगळं त्या वहीत सापडतं.

आधी जुनी व्यवस्था सांगतो, कारण ती आता विसरली गेली आहे. पोर्तुगालमध्ये ११ एप्रिल १९०१ रोजी ‘सोसिएदाद पोर क्वोटाश’ म्हणजे हिश्श्यांच्या मंडळीचा कायदा झाला. मूळ कल्पना जर्मनांची, १८९२ च्या कायद्यातली. पोर्तुगालने ती लवकरच उचलली. आपल्याकडच्या जुन्या पेढ्यांच्या नावापुढे जो ‘लिमितादा’ शब्द दिसतो तो यातूनच आला. अशा मंडळीत शेअरचे कागद नसतात. प्रत्येक भागीदाराचा, म्हणजे ‘सोसियु’चा, एक हिस्सा असतो आणि तो दस्तात लिहिलेला असतो. कारभार बघणारा तो ‘जेरेंत’. जेरेंत भागीदारच असावा अशी सक्ती नव्हती.

मुद्द्याची गोष्ट ही की हिस्सा दुसऱ्याला द्यायचा तर नोटरीपुढे ‘इश्क्रितुरा पुब्लिका’ करावी लागे. घरात बसून कागदावर सही केली आणि झालं, असं चालत नसे. नोटरी आपल्या वहीत सगळं हाताने लिहून घेई, वाचून दाखवी, मग पक्षकार आणि साक्षीदार सह्या करीत. वही नोटरीच्या दप्तरात राही. त्यामुळे पेढी बुडाली, घर पडलं, कागदांना वाळवी लागली, तरी भागीदार कधी बदलला हे आजही शोधता येतं. आमच्यासारख्या हौशी इतिहासकारांना याहून मोठी सोय काय हवी!

या पेढीचा दस्त १९५२ चा. भांडवल ६०,००० रुपिया. थोरल्यांचा हिस्सा २४,०००, मधल्यांचा १८,०००, धाकट्यांचा १२,००० आणि त्यांच्या मेव्हण्यांचा ६,०००. जेरेंत दोघे, थोरले आणि मधले. १९५९ मध्ये गोव्यात रुपिया जाऊन एश्कुद आला, एका रुपियाला सहा एश्कुद या दराने. त्यामुळे पुढच्या कागदांत हेच भांडवल ३,६०,००० एश्कुद दिसतं. नवख्या माणसाला वाटेल की सात वर्षांत भांडवल सहापट झालं. तसं काही नाही, नाणं बदललं एवढंच.

१९ डिसेंबर १९६१ नंतर नाणंही पुन्हा बदललं आणि कायदाही. भारताचा १९५६ चा कंपनी कायदा लवकरच गोव्याला लागू झाला आणि इथल्या परिस्थितीसाठी त्यात ६२०-ब असं वेगळं कलमही आलं. (जाता जाता सांगायला हवं की असा कायदेबदल फक्त आपल्याच नशिबी आला असं नाही. बडोद्याची बँक १९०८ मध्ये निघाली ती गायकवाडी राज्याच्या १८९७ च्या कायद्याखाली. हैदराबादेत निजामाचा १३२० फसलीचा स्वतंत्र कंपनी कायदा होता. संस्थानं गेली तसे हे कायदेही गेले. फरक एवढाच की तिथले कायदे इंग्रजी वळणाचे होते, आमचा मुळातून वेगळा होता.) आमच्या या पेढीने १९६४ मध्ये नवी नियमावली केली आणि ‘लिमितादा’ची ‘प्रायव्हेट लिमिटेड’ झाली. ६०,००० रुपये भांडवलाचे शंभर-शंभर रुपयांचे ६०० शेअर पाडले. थोरल्यांचे २४०, मधल्यांचे १८०, धाकट्यांचे १२०, मेव्हण्यांचे ६०. तिघे भाऊ संचालक झाले आणि मेव्हणे नुसते सभासद राहिले.

सभासद आणि संचालक यांतला फरक इथे स्पष्ट करतो, कारण घरच्या कंपनीत लोक दोन्ही एकच समजतात. सभासद म्हणजे मालकीचा वाटेकरी, ज्याचं नाव सभासद-वहीत लागलंय तो. संचालक म्हणजे कारभारी. १९५६ च्या कायद्याप्रमाणे प्रायव्हेट कंपनीला निदान दोन सभासद आणि निदान दोन संचालक लागत. सभासद पन्नासांपेक्षा जास्त असता कामा नयेत आणि शेअर कोणालाही विकण्यावर नियमावलीत बंधन हवं. सभासदाचा शेअर त्याच्यामागे वारसांकडे जातो. संचालकाची खुर्ची तशी जात नाही. ती दुसऱ्याच्या नावे करून देण्याचा प्रयत्न केला तर तो रद्दबातल, असं ३१२ व्या कलमात स्वच्छ लिहिलं होतं.

आणि नेमकं हेच आमच्या लोकांच्या पचनी पडत नव्हतं. का पडावं? गोव्याच्या माणसाला सभासदत्व ठाऊक होतं ते गावकरीचं. गावकाराचा मुलगा जन्माने गावकार; वयात आला की त्याचा जोण सुरू. देवळात महाजनाचा मुलगा महाजन. १९३३ ची देवस्थानांची नियमावली असो की अगदी १९६१ च्या एप्रिलमधली कोमुनिदादींची संहिता, वंशाने येणारी जागा हा त्यांचा पायाच. अशा समाजाला कोणी सांगितलं की बापाची संचालकाची खुर्ची मुलाची नाही, तर तो नुसती मान हलवणार आणि पुढे आपलंच करणार.

झालंही तसंच. थोरले १९६७ मध्ये वारले. मागे पत्नी, दोन मुलगे आणि दोन लग्न झालेल्या मुली. तेराव्यानंतरच्या पंधरवड्यात संचालकांची सभा भरली. मिनिटबुकात दोन ठराव आहेत, दोन्ही मिळून सहा ओळींचे. पहिल्याने थोरल्यांच्या जागी त्यांच्या ज्येष्ठ चिरंजीवाला संचालक केलं. दुसऱ्याने थोरल्यांचे २४० शेअर त्याच चिरंजीवाच्या नावावर चढवले. खाली मधल्यांची आणि धाकट्यांची सही. वारसाचा दाखला नाही, नोटरीचा कागद नाही, बाईंचं संमतिपत्र नाही.

पहिला ठराव चालून जाण्यासारखा होता. रिकाम्या जागी कोणालाही घेण्याचा अधिकार नियमावलीने संचालकांना दिला होता. पुतण्याला घेतलं, ठीक. फक्त ‘वडिलांच्या हक्काने’ असा जो सूर त्यात आहे तो कायद्यात बसत नाही. दुसरा ठराव मात्र सरळ चुकीचा होता आणि तो का चुकीचा हे कळायला गोव्याचा दुसरा कायदा माहीत हवा.

मुक्तीनंतर कंपनी कायदा बदलला, पण १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता, निदान लग्न आणि वारशापुरती, तशीच राहिली. त्या संहितेप्रमाणे लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवराबायकोची सगळी मिळकत सामाईक होते. कमावली कोणी, नाव कोणाचं, याला महत्त्व नाही. अर्धी याची, अर्धी तिची. कारभार नवऱ्याकडे असे हे खरं, पण मालकी दोघांची. नवरा वारला की आधी मिळकतीचे दोन भाग होतात. एक भाग बाईंचा, तो पहिल्यापासून तिचाच होता. उरलेल्या अर्ध्याचा वारसा मुलांना मिळतो, मुलगे आणि मुली यांना सारखा. थोडक्यात, मुलं असताना ही बाई नवऱ्याची वारस ठरत नाही. ती अर्ध्याची धनीण असते आणि ते कोणाच्या मृत्यूवर अवलंबून नसतं.

आता आकडे मांडून बघा. २४० शेअरांपैकी १२० वहिनींचे (दिरांनी पुढच्या पत्रव्यवहारात त्यांना वहिनीच म्हटलंय, मीही तेच म्हणतो). उरलेल्या १२० चे चार वाटे, प्रत्येकी ३०. म्हणजे ज्येष्ठ चिरंजीवाचा खरा हक्क तीस शेअरांचा आणि वहीत नाव लागलं दोनशे चाळिसांवर! हेच घराणं सावंतवाडीला किंवा बेळगावला असतं आणि थोरल्यांच्या मातोश्री हयात नसत्या, तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने आई आणि चार मुलं अशा पाच जणांना प्रत्येकी ४८ मिळाले असते. पत्रादेवीचा नाका ओलांडला की एकाच बाईच्या हक्काचा आकडा ४८ वरून १२० होतो. गोव्याबाहेरच्या वाचकांना हे पटकन खरं वाटत नाही, म्हणून आकड्यांनी सांगितलं.

मग दिरांनी असं का केलं? लबाडीने, असं मला वाटत नाही. ठराव ज्या छापील नमुन्यावरून उतरवलाय तो मुंबईकडचा दिसतो, आणि त्या नमुन्यात ‘अर्ध्याची धनीण’ ही भानगडच नाही. कंपनी कायद्याची सभासद-वही ज्याचं नाव लिहिलंय त्यालाच ओळखते. त्याच्यामागे कोणाचा हक्क आहे याची नोंद करू नका असं १५३ वं कलम सांगत होतं. लिमितादाच राहिली असती तर हिश्श्याची उलथापालथ नोटरीपुढे गेली असती. त्याने पहिलाच प्रश्न विचारला असता की पत्नी हयात आहे का? नव्या कायद्यात तो प्रश्न विचारणारं त्या खोलीत कोणी उरलं नाही. नवी पद्धत सोपी आणि स्वस्त होती यात वाद नाही. पण दाराशी बसलेला एक माणूस त्यात उठून गेला.

पुढची सतरा वर्षं वहीत शांत आहेत. लाभांश वाटले गेले, पुतण्याने आईला आणि भावंडांना काही ना काही दिलं असावं. १९८४ मध्ये भांडण उघड झालं. धाकट्यांच्या मुलाला दुकानात घेण्यावरून सुरुवात झालेली दिसते, पण मिनिटबुक कारणांबाबत नेहमीप्रमाणे मुकं आहे. काकांनी पुतण्याला संचालकपदावरून काढायचं ठरवलं.

त्या वेळचं २८४ वं कलम असं होतं : संचालकाला मुदतीआधी काढायचं तर साधा ठराव, म्हणजे पडलेल्या मतांत निम्म्याहून जास्त, पुरे. पण ठराव मांडणाऱ्या सभासदाने निदान चौदा दिवस आधी कंपनीला खास नोटीस द्यायची. कंपनीने तिची प्रत त्या संचालकाला लगेच पाठवायची. त्याला लेखी म्हणणं मांडता येतं आणि सभेत बोलताही येतं. ठराव सभासदांच्या सभेतच व्हायला हवा. दोघा संचालकांनी मिळून तिसऱ्याला आपल्या बैठकीत ‘काढून टाकलं’ असं होत नाही. घरच्या कंपन्यांत हीच गफलत मी नोकरीत सर्वांत जास्त वेळा पाहिली. आजच्या २०१३ च्या कायद्यात हेच १६९ व्या कलमात आहे, आणि आता तीस दिवसांत डीआयआर-१२ भरायचा असतो तिथे तेव्हा फॉर्म ३२ होता.

मतांचं गणित मोठं रंजक होतं. काकांचे मिळून ३००, पुतण्याचे २४०, आणि आतोबांचे, म्हणजे त्या मेव्हण्यांचे, ६०. आतोबा पुतण्याकडे गेले तर ३०० विरुद्ध ३००, आणि मग अध्यक्षांचं निर्णायक मत. अध्यक्ष अर्थातच मधले काका. आतोबांनी काय केलं? ते सभेला आलेच नाहीत. बायकोचे भाऊ एकीकडे आणि बायकोचा भाचा दुसरीकडे. बिचाऱ्यांनी त्या दिवशी शिरोड्याला कोणाच्या तरी मुंजीला जायचं पसंत केलं. (त्यांच्या साठांतले तीसही खरं तर आत्याचेच, हे त्या दिवशी कोणाच्या मनात आलं असेल असं वाटत नाही.) ठराव ३०० विरुद्ध २४० ने संमत झाला.

पुतण्या संचालक राहिला नाही. सभासद मात्र राहिला, २४० शेअरांसह. संचालकाला मतांनी काढता येतं, सभासदाला तसं काढता येत नाही. त्याने शेअर विकले किंवा दिले तरच तो जातो. चिडलेल्या पुतण्याने नेमकं तेच ठरवलं. पेडण्याच्या एका व्यापाऱ्याला सगळे शेअर विकायला काढले. नियमावलीप्रमाणे आधी घरच्या सभासदांना विचारणं भाग होतं आणि किंमत हिशेबतपासनिसाने ठरवायची होती. काकांनी पत्र लिहून वेगळाच प्रश्न केला, की हे शेअर तुमच्या नावे कोणत्या कागदाने आले ते दाखवा. सतरा वर्षांपूर्वी स्वतःच सही करून चढवलेले शेअर! ते पत्र वाचताना मला हसू आलं आणि थोडा रागही आला.

पण त्या पत्राने एक काम केलं. कागद नव्हताच, तेव्हा तो करायला हवा होता, आणि आपल्याकडे तो करण्याची वाट एकच, इन्व्हेंतारियु. म्हापशाच्या दिवाणी न्यायालयात १९८६ मध्ये ते सुरू झालं. त्यात मयताची मिळकत जाहीर करून सांभाळणारा जो ‘काबेसा द काझाल’ असतो, तो मान हयात जोडीदाराचा. म्हणजे वहिनींचा. सत्तरीला टेकलेल्या या बाईंनी न्यायालयात शपथेवर घर, भाटं, दागिने आणि शेवटी कंपनीचे २४० शेअर यांची यादी दिली. यादीची नक्कल बोचक्यात आहे. टंकलिखित इंग्रजी मजकूर आणि प्रत्येक पानाखाली बालबोध अक्षरात मराठी सही. ‘लिसितासांव’ म्हणजे वारसांतल्या वारसांत बोली लावायची संधी असते. शेअरांवर कोणी बोली लावली नाही. सर्वांच्या संमतीने ते ठरल्या प्रमाणातच वाटले गेले. निकाल १९९० चा.

त्या निकालाची प्रमाणित प्रत आल्यावर सभासद-वहीत जे झालं ते मी पुष्कळ वेळ बघत बसलो होतो. चिरंजीवाच्या पानावर २४० हा आकडा लाल शाईने खोडून ३० केलाय. आणि चार नवी पानं उघडली आहेत : आई १२०, धाकटा मुलगा ३०, दोघी मुली प्रत्येकी ३०. एका दिवसात सभासद चारांचे आठ झाले आणि बायकांची नावं शून्याची तीन. त्या दोघी मुलींची सासरं मडगावला आणि हुबळीला. तेवीस वर्षं त्या कंपनीच्या वाटेकरी होत्या, वहीला माहीत नव्हतं एवढंच.

कोणाच्या मनात येईल की हे सगळं आता इतिहासजमा झालं. तसं नाही. आयकर कायद्यात १९९४ साली ५-अ कलम घातलं गेलं, तेही १९६३ पासून लागू धरून, आणि त्याने पगार सोडून बाकीचं उत्पन्न गोव्यातल्या नवराबायकोत निम्मं-निम्मं धरलं जातं. म्हणजे शेअर एकट्या नवऱ्याच्या नावावर असले तरी लाभांशाचा अर्धा भाग बायकोच्या विवरणपत्रात जातो. आयकर खात्याला जे दिसतं ते कंपनीच्या वहीला आजही दिसत नाही. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की गोवेकराची मिळकत भारतात कुठेही असो, वारसा गोव्याच्याच संहितेने ठरेल. गोव्याचा नवा वारसा आणि इन्व्हेंटरी कायदा २०१२ चा, तो २०१६ च्या अखेरीस अमलात आला. म्हणजे पुण्यामुंबईच्या कंपनीत शेअर असलेल्या गोवेकरालाही हे लागू आहे, आणि तिथल्या सचिवाला बहुधा याची गंधवार्ता नसते.

आणखी एक नवी अडचण अशी की हल्ली पुढची पिढी लिस्बनला किंवा लंडनला असते. कंपनीला निदान एक संचालक असा लागतो जो वर्षात १८२ दिवस भारतात राहिला आहे. म्हातारे वारले की सभासद मिळतात, पण इथे राहणारा संचालक मिळत नाही. मग विवरणपत्रं थकतात आणि नाव कमी होतं. २०१७ मध्ये देशभरात दोन लाखांहून जास्त कंपन्यांची नावं निबंधकांनी काढून टाकली. अशा कंपन्यांची मिनिटबुकं कुठे जातात? रद्दीत. नोटरीच्या वहीला सरकारी कपाट होतं. मिनिटबुकाला मालकाचा माळा असतो आणि माळा कधी ना कधी साफ होतोच. आपल्या घरी किंवा शेजारी अशी वही असेल तर मंडळाला जरूर कळवा. नावं झाकून नक्कल करून घेतो आणि मूळ वही परत देतो.

आता त्या पेढीचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. निकालानंतर मतांचं गणित पार बदललं होतं. काकांकडे तेच ३००, आणि समोर मायलेकरांचे मिळून २४०, पण ते आता पाच हातांत. पुतण्याला परत घ्यायचा विषय कोणी काढला नाही. वहिनींनीही नाही, हे विशेष. १९९१ च्या वार्षिक सभेत धाकट्या दिरांनी वहिनींनाच संचालक करण्याचा ठराव मांडला. या वेळी आतोबा आले होते. विरोधी मत एकही पडलं नाही. ज्येष्ठ चिरंजीव तटस्थ राहिले अशी नोंद आहे. वहिनी पुढे सात वर्षं संचालक होत्या आणि एक बैठक सोडल्यास प्रत्येक बैठकीला त्यांची सही आहे.

संचालकांच्या वहीत प्रत्येकाचं नाव, पत्ता, राष्ट्रीयत्व आणि व्यवसाय लिहावा लागे. वहिनींच्या ओळीत कारकुनाने व्यवसायाच्या रकान्यात इंग्रजीत ‘घरकाम’ अशा अर्थाचा शब्द लिहिला होता. त्यावर एक आडवी रेघ आहे. बाजूला त्याच बालबोध अक्षरात ‘व्यापार’ असं लिहिलंय, आणि खाडाखोड असल्यामुळे नियमाप्रमाणे त्याखाली छोटी सही.